दादीची शाल आणि कोयरीचा प्रवास

थंडी पडू लागली की आमच्या मोहल्ल्यात काश्मिरी शालवाले येतात. गेल्या वर्षी त्यांच्यातले एक वयस्कर चाचा आमच्या ओट्यावर बसले. चहा झाला, भाव ठरला, अम्मीने एक साधी शाल घेतली. मग तिला काय वाटले कोण जाणे, ती आत गेली आणि पेटीतून दादीची शाल घेऊन आली. मरहूम दादीची ही शाल म्हणजे आमच्या घरातली सर्वांत मानाची वस्तू. दादीच्या निकाहात तिच्या अब्बांनी दिलेली, 'खास काश्मीरची'. घरात आलेल्या प्रत्येक सुनेच्या आणि घरातून गेलेल्या प्रत्येक मुलीच्या खांद्यावर ती एकदा तरी पडली आहे. माझ्याही.

चाचांनी शाल हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि पदर उलटा केला. मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आपा, चीज अच्छी है, पुरानी भी है. मगर यह हाथ की नहीं, मशीन की है."

अम्मीचा चेहरा उतरला. चाचांनी तिला समजावून सांगितले. हाताने विणलेल्या कानी शालीत प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. त्यामुळे उलटी बाजूही भरीव दिसते, फक्त दोन रंगांच्या सीमेवर बारीकशी कड हाताला लागते. यंत्राच्या शालीत मात्र रंगीत धागा या काठापासून त्या काठापर्यंत आडवा जातो. नक्षीत हवा तिथे वर येतो, नको तिथे मागे लोंबत राहतो. शाल जड होऊ नये म्हणून ते लोंबते धागे नंतर कापून टाकतात. दादीच्या शालीच्या पाठीवर कापलेल्या धाग्यांची टोके स्पष्ट दिसत होती.

चाचा सलाम करून गेले. अम्मी शालीची घडी घालत बसली. माझ्या डोक्यात मात्र एक प्रश्न राहिला. शाल यंत्राची असेल, पण तिच्यावरची वाकड्या शेंड्यांची नक्षी तर काश्मीरचीच होती. ती यंत्रावर कशी गेली? शाळेत मुलांना "प्रश्न विचारा" असे रोज सांगणाऱ्या बाईने स्वतःचा प्रश्न टाळून कसे चालेल? त्या हिवाळ्यात मी मिळेल ते वाचत गेले. जे हाती लागले ते वाचक भावा-बहिणींपुढे ठेवते आहे.

एका नक्षीची किती नावे!

आमची दादी या नक्षीला केरी म्हणायची. मी मराठी शाळेत शिकले, तिथे पैठणीच्या पदरावरची तीच नक्षी कोयरी झाली. काश्मिरी कारागीर तिला बूटा किंवा बादाम म्हणतो. पंजाबात ती अंबी, तमिळनाडूत मांकोलम. आणि आजच्या दुकानात? माझ्या वर्गातल्या मुलींना विचारले तेव्हा त्या एका सुरात म्हणाल्या, "टीचर, पेझली!"

पेझली हे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळच्या एका गावाचे नाव आहे. तिथे ना आंबा पिकतो, ना बदाम. आपल्या ओढणीवरच्या नक्षीला त्या गावाचे नाव मिळाले, यातच सगळी कहाणी आहे.

या नक्षीला इराणात बोतेह म्हणतात. बोतेह म्हणजे झुडूप. फारसीतला हा शब्द एक खूण सांगून जातो. आपण जिला कैरी समजतो, ती काश्मिरी शालीवर प्रथम कैरी नव्हतीच. ते होते एक फुललेले रोप.

बादशहाच्या चित्रशाळेतले फूल

अकबराच्या काळापर्यंत मोगल दरबारातल्या नक्षीवर इराणी वळणाचा मोठा पगडा होता. एकमेकींत गुंतलेल्या वेली, पुन्हा पुन्हा येणारी वळणे. त्यातले फूल नेमके कोणत्या झाडाचे, हे विचारायचे कारण नव्हते. अकबराचा मुलगा जहांगीर मात्र निसर्गाचा वेडा होता. १६२० च्या वसंतात तो काश्मीरला गेला. तिथली फुले पाहून तो इतका हरखला की त्याने सोबतचे चित्रकार उस्ताद मन्सूर यांना ती रंगवायला सांगितले. मन्सूर यांनी शंभराहून अधिक फुले रंगवली, अशी नोंद बादशहाने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. मन्सूर यांना त्याने 'नादिर-उल-अस्र', म्हणजे आपल्या युगातला अद्वितीय, असा किताब दिला होता. त्या फुलांपैकी लाल ट्यूलिपचे एक चित्र आजही अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे.

याच सुमारास युरोपातून आलेली वनस्पतींच्या छापील चित्रांची पुस्तके दरबारी चित्रकारांच्या पाहण्यात येत होती. त्या चित्रांत प्रत्येक रोप एकटे, मोकळ्या जागेत उभे असायचे. पाने, कळी आणि उमललेले फूल, सगळे एकाच चित्रात. मोगल चित्रकारांनी ही मांडणी घेतली आणि तिला आपला रंग व आपली नजाकत दिली.

शाहजहानच्या राज्यात तर या फुलाने सगळीकडे जागा मिळवली. दारा शुकोहने पत्नी नादिरा बानू बेगम हिला भेट दिलेल्या चित्रसंग्रहात फुलांची पानेच्या पाने आहेत. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. १६३१ मध्ये आपल्या खानदेशाच्या शेजारी, बुऱ्हाणपूरला मुमताज महलचे निधन झाले. तिच्यासाठी आग्र्याला उभ्या राहिलेल्या ताजमहालाच्या भिंतींवर, कमरेच्या उंचीला, संगमरवरात कोरलेली फुलझाडे ओळीने उभी आहेत. गालिचा, तंबूची कनात, खंजिराची मूठ, चित्राचा हाशिया, सगळीकडे तेच एकटे उभे रोप. एका दरबाराची आवड पाहता पाहता संपूर्ण काळाची शैली झाली.

मग कपडे त्यातून कसे सुटतील? त्या काळचा जामा बहुतेक वेळा पातळ, पांढऱ्या मलमलीचा असे. त्यावर कमरेला पटका बांधत. पटक्याचा मधला भाग साधा आणि पुढे लोंबणाऱ्या दोन्ही टोकांवर फुलझाडांची ओळ. ताजमहालाची भिंत आणि हा पटका एकमेकांशेजारी ठेवून पाहिले तर मांडणी एकच दिसते: वर पांढरी मोकळी जागा, खाली ओळीने उभी फुले. इमारत आणि माणूस यांनी जणू एकाच शिंप्याकडे माप दिले होते.

शालीचेही तेच झाले. अकबराला शालींची हौस होती. त्याने शालीला 'परम-नरम' असे नाव दिले होते, आणि दोन शाली जोडून पांघरण्याची, म्हणजे दोशाल्याची, आवड त्याच्याच काळात वाढली, असे अबुल फजल यांनी 'आईन-ए-अकबरी'त लिहिले आहे. सतराव्या शतकातल्या शालींचे जे तुकडे आज संग्रहालयांत आहेत त्यांत मतन, म्हणजे शालीचे अंग, साधे आहे आणि दोन्ही पदरांवर सुटी, नाजूक फुलझाडे आहेत. मुळाशी किंचित वाकलेली, शेंड्याला एक फूल झुकलेले. कोयरीचे बालपण असे होते.

तीच फुले आपल्या दारी

मोगल दख्खनेत आले तशी ही शैलीही आली. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) दिलरस बानू बेगमच्या कबरीवर उभ्या असलेल्या 'बीबी का मकबरा'त चुन्याच्या गिलाव्यातली वेलबुट्टी नीट पाहा. तिचे नाते आग्र्याच्या फुलांशी आहे. त्याच शहराच्या हिमरूवर फुले, वेली आणि कोयऱ्या आहेत.

हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र विणतात. त्याच्याच नात्यातले दुसरे कापड मश्रू. मश्रू म्हणजे शरीअतला मंजूर. पुरुषांना निव्वळ रेशीम वापरण्याची मनाई असल्यामुळे कारागिरांनी असे कापड काढले की वरची चमक रेशमाची आणि अंगाला लागणारी बाजू सुताची. दीनची मर्यादा पाळायची आणि देखणेपणही सोडायचे नाही, याचा इतका सुंदर तोडगा क्वचितच सापडेल.

पैठणीचे तर काश्मीरशी आणखी जवळचे नाते आहे. पैठणीच्या पदरातही प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते आणि धागा आपल्या जागेपुरताच जाऊन शेजारच्यात अडकून परत येतो. कानी शालीची जात हीच. म्हणूनच खऱ्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही तसाच देखणा दिसतो.

विणकरांची तालीम

काश्मिरी शाल विणण्याच्या पद्धतीत एक गोष्ट वाचून मी थबकले. नक्काश आधी कागदावर नक्षी काढतो. मग एक जाणकार ओळीओळीने सांगतो, अमुक रंगाचे इतके धागे, तमुक रंगाचे इतके. हे सगळे खास चिन्हांच्या लिपीत लिहून घेतात. त्या लिखाणाला म्हणतात तालीम! मागावर बसलेल्या विणकराच्या समोर नक्षीचे चित्र नसते, ही तालीम असते. उस्ताद मोठ्याने वाचतो आणि विणकर कानी, म्हणजे रंगीत धागा गुंडाळलेल्या बारीक लाकडी काड्या, त्याप्रमाणे फिरवत जातात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे सराव आणि आखाडाही. काश्मीरच्या कारखान्यात हे सगळे अर्थ एका कागदावर येतात. या कामाचे सूत मात्र घरोघरच्या बायका चरख्यावर कातत. अवघड नक्षीची एक शाल पुरी व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज लागे.

पिढ्यामागून पिढ्या तालीम उतरवली जात असताना फूल बदलत गेले. अठराव्या शतकात एका फुलाचा गुच्छ झाला, गुच्छाखाली फुलदाणी आली. गुच्छाच्या बाहेरून एक रेघ फिरली आणि तो एका आकारात बंद झाला. वर झुकलेले फूल उरले ते फक्त वाकड्या शेंड्याच्या रूपात. १८०० च्या सुमारास आपली ओळखीची कोयरी तयार झाली होती. आत फुले होतीच, पण आता ती झाड राहिली नव्हती.

पॅरिसची थंडी आणि पूर्वेची शाल

इकडे हे होत असताना फ्रान्समध्ये क्रांती झाली. जुन्या राजवटीचे भरजरी, फुगीर कपडे मागे पडले. तिथल्या कलावंतांना आता प्राचीन ग्रीस आणि रोमच्या कलेची ओढ लागली होती. इमारतींचे खांब, खुर्च्यांचे पाय, सगळे त्या जुन्या वळणावर गेले. बायकांचा पोशाखही संगमरवरी पुतळ्यांसारखा झाला: छातीखाली बांधलेला, सरळ खाली पडणारा, पांढऱ्या पातळ मलमलीचा. या मलमलीतली उत्तम प्रत बंगालची.

पण पुतळ्यांना थंडी वाजत नाही, बायकांना वाजते. १७९८ मध्ये नेपोलियनची फौज मिसरला गेली. तिथून परतताना फ्रेंच अधिकाऱ्यांनी काश्मिरी शाली आणल्या. ऊब होती, वजन नव्हते, आणि खांद्यावरून पडणाऱ्या चुण्या थेट ग्रीक पुतळ्यासारख्या दिसत होत्या. सम्राज्ञी जोसेफिनला तर शालींचा ध्यासच लागला. चित्रकार ग्रो यांनी रंगवलेल्या तिच्या एका प्रसिद्ध चित्रात तिने शालीचाच पोशाख शिवून घातला आहे आणि खांद्यावर आणखी एक शाल घेतली आहे. पोशाखाच्या खालच्या काठावर मोठमोठ्या कोयऱ्या ओळीने उभ्या आहेत.

मागणी वाढली आणि नकलाही सुरू झाल्या. ब्रिटनमध्ये एडिंबरो आणि नॉरिच इथे अठराव्या शतकाच्या अखेरीसच शाली विणल्या जात होत्या. १८०५ च्या सुमारास पेझलीने हे काम हाती घेतले आणि सर्वांना मागे टाकले. १८०४ मध्ये फ्रान्सच्या ल्योन शहरातल्या जॅकार्ड यांनी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग काढला होता. पुढे तो पेझलीतही आला. काश्मीरमध्ये उस्ताद जी तालीम वाचून दाखवत असे, ती आता पुठ्ठ्याची भोके 'वाचू' लागली. काम झटपट, माल स्वस्त. सामान्य घरातल्या बायकांनाही शाल परवडू लागली आणि त्या नक्षीला गावाचे नाव चिकटले.

पुढे घागऱ्याचा घेर घंटेसारखा प्रचंड झाला. त्यावर कोट बसेना, म्हणून शाली आणखी मोठ्या झाल्या आणि कोयऱ्या लांबत लांबत अंगभर पसरल्या. पॅरिसचे व्यापारी आपल्याकडचे नमुने घेऊन काश्मीरला जाऊ लागले. काश्मिरी शाल कशी दिसावी हे आता पॅरिस ठरवत होते.

किंमत कोणी मोजली?

शाली ल्यालेल्या राण्यांची नावे इतिहासात आहेत. विणणाऱ्यांची कहाणी शोधावी लागते.

१८४६ च्या अमृतसर तहात इंग्रजांनी ७५ लाख रुपयांना काश्मीर गुलाबसिंग यांच्या हवाली केले. दरवर्षी द्यायच्या नजराण्यात एक घोडा, बारा शालीच्या बकऱ्या आणि शालींचे तीन जोड ठरले. ज्या शालीची कीर्ती तहाच्या कागदावर उमटली, तिचे विणकर मात्र कराखाली दबले होते. शालीवर करासाठी 'दाग-ए-शाल' नावाचे स्वतंत्र खातेच होते. कर भरल्याचा शिक्का बसल्याशिवाय शाल विकता येत नसे. मजुरी तुटपुंजी, कर्ज डोक्यावर, आणि धंदा सोडून जाण्याचीही मोकळीक नाही.

२९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या जालडगर भागात विणकरांनी मोर्चा काढला. त्यांच्यावर फौज सोडण्यात आली. पळापळीत अनेक जण पाण्यात पडून बुडाले. किमान २८ विणकर मरण पावले असे सांगितले जाते. त्यांच्या मागण्या काय होत्या? कर कमी करा, मजुरी नीट द्या.

नंतर पाच वर्षांत फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले आणि सर्वांत मोठी बाजारपेठ बसली. त्यातच पोशाखाचे वळणही बदलले. घागऱ्याचा फुगवटा आता फक्त मागच्या बाजूला आला, आणि शाल पांघरली तर तो झाकला जाई. मग शाली कापून त्यांचे झगे शिवले गेले. वर्षभर खपून विणलेल्या पदरावर कात्री चालली. १८७७ ते १८७९ च्या दुष्काळाने काश्मीरमधले उरलेसुरले मागही ओस पाडले. त्याआधीच कितीतरी विणकर पंजाबात, अमृतसर-लुधियानाकडे निघून गेले होते.

हातमागाची आठवण, उशिरा

याच काळात इंग्लंडमध्ये एक वेगळी कलाचळवळ उभी राहत होती. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कापड पाहून तिथले जाणकार चकित झाले. आपल्या यंत्रांचा माल त्यांना भडक आणि बेढब वाटू लागला. ओवेन जोन्स यांनी १८५६ मध्ये काढलेल्या नक्षीकलेच्या मोठ्या ग्रंथात हिंदुस्थानी नक्षीला मानाची जागा दिली. विल्यम मॉरिस यांनी हाताच्या कामाचा आणि वनस्पतींच्या रंगांचा आग्रह धरला. लीक गावचे रंगारी टॉमस वॉर्डल यांच्याकडे ते नीळ वापरायला शिकले, आणि त्याच वॉर्डल यांनी आपल्या टसर रेशमाला तिकडे नाव मिळवून दिले. आर्थर लिबर्टी यांनी आधी लंडनच्या एका शालींच्या दुकानात नोकरी केली होती. १८७५ मध्ये त्यांनी स्वतःचे दुकान काढले आणि १८८४ मध्ये तिथे पोशाखांचा विभाग सुरू केला. कंबर आवळणारे कपडे टाकून सैल, मऊ, खांद्यावरून सहज पडणारे कपडे घाला, असे ही मंडळी बायकांना सांगत होती. लिबर्टीच्या छापील रेशमावर कोयरी पुन्हा उमलली.

चळवळ चांगली होती. पण हाताच्या कामाचे मोल लंडनला कळले तेव्हा श्रीनगरचे हात रिकामे झाले होते. आणि ज्या ग्लासगोच्या शेजारी पेझली आहे, त्याच भागातल्या गिरण्यांतून मोर आणि कोयरी छापलेले गडद लाल सुती कापड जहाजांतून मुंबईच्या बंदरात उतरत होते. आपलीच नक्षी आपल्याच बाजारात विकायला आली.

आमच्या पेटीत

हे सगळे मी अम्मीला सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "म्हणजे तुझ्या दादीचे अब्बा फसले?"

मी म्हणाले, "नाही अम्मी. त्यांना परवडले ते त्यांनी मुलीसाठी आणले. फसले असतील तर ते विणकर."

अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शाल विकायची नाही. पण हे सगळं लिहून ठेव. तुझ्या मुलीला उगाच 'खास काश्मीरची' म्हणून देऊ नकोस."

मी एका कागदावर लिहिले: ही शाल कोणाची, कोणी कोणाला दिली, ती यंत्रावर विणलेली आहे, आणि तिच्यावरची नक्षी कोणाच्या हातून आली. कागद शालीच्या घडीत ठेवला.

वाचकहो, आपल्या पेटीतही आजीचा हिमरू, अम्मीचा दुपट्टा किंवा निकाहाचा एखादा जोड असेल. येत्या रविवारी तो उन्हात घालताना एकदा उलटा करून पाहा. घरात कोणी जुने माणूस असेल तर विचारून घ्या, कुठून आला, कोणी विणला, त्यावरच्या नक्षीला ते काय म्हणत. आणि यंदा दारावर येणाऱ्या शालवाल्या चाचांशी भाव करताना मजुरीचाही विचार करा. माझ्या वर्गातल्या मुली चित्रकलेच्या वहीत कोयरी काढतात तेव्हा मी आता तिच्याखाली नाव लिहायला सांगते. परवा एकीने तीन नावे लिहिली: कोयरी, केरी, बोतेह. पेझली तिने कंसात टाकले होते.